मशीन तापलं तरी आवाज तोच

आमच्या घरात लाउडस्पीकरचा धंदा. माझे मालक धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंत लग्नांना, भंडाऱ्यांना मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, घेऊन जायचे. मशीन अर्धा तास तापल्याशिवाय माइक कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. पूर्वी काचेच्या दिव्यांचं, व्हॉल्व्हचं मशीन होतं, ते तापल्याशिवाय बोलायचंच नाही. ते गेलं, सवय राहिली. नवा कर्णा आणला की ओसरीवर चार दिवस वाजत ठेवायचे. म्हणायचे, आवाज मोकळा होतो. चार दिवसांनी मलाही तो बरा वाटायचा. कर्णा मोकळा झाला की माझे कान सरावले, देव जाणे.

मागच्या वर्षी ते गेले. मला रडू आलं नाही. बायका बघत होत्या म्हणून तोंडाला पदर लावला.

वर्षश्राद्धाला मुलगा जळगावहून आला. त्याचं तिथं साउंडचं दुकान आहे. त्यांच्या सामानात त्याला एक कॅसेट सापडली. तिच्यात बापाचा आवाज होता. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’, बस, एवढंच. त्याने टेप मशीनला जोडला, दुकानातून आणलेला नवा स्पीकर बसवला, कॅसेट लावली आणि तोंड वाकडं केलं.

“बारीक वाटस आवाज. मशीन थंड शे, माय. तपू दे.”

अर्धा तास बसलो. परत लावली.

“आते?”

“तोच शे.”

“स्पीकर नवा शे ना. मोकळा व्हवाले टाइम लागस.”

मग दिवसभर त्यावर रेडिओ वाजत ठेवला. डोकं उठलं माझं. संध्याकाळी पुन्हा कॅसेट. आवाज तसाच. तो वायरी काढून पुसायला लागला.

मी म्हटलं, “मशीनले काय कोसस? तुना बापना आवाज बारीकच व्हता. तू धाकला व्हता, तुले मोठा वाटे.”

“काहीबी नको बोलू, माय. बठ्ठा गाव ऐके त्यासले.”

“गाव कर्णाले ऐके. मी त्यासले घरमा ऐकेल शे.”

त्याने वायरी परत जोडल्या, कॅसेट मागे घेतली, खाली बघत एकदा ऐकली. त्याचे डोळे भरले. मीही माझे डोळे भरायची वाट पाहिली. काही झालं नाही. कणीक मळायची राहिली होती.

त्याने मशीन बंद केलं आणि त्यावर कापड टाकायला गेला.

मी म्हटलं, “तपेल शे. निवू दे पहिले.”