वॉरंटीचा तेरावा महिना

"कागद काय म्हणतोय, ते बघू आधी."

कुणी काहीही सांगितलं, की भाऊसाहेब कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे, उजवा तळहात पुढे करायचे आणि एवढंच म्हणायचे. लग्नाचं आमंत्रण तोंडी दिलं, हात पुढे. माझ्या मुलीला ताप आलाय म्हटलं, हात पुढे. डॉक्टरची चिठ्ठी दाखवा. एकदा मी सहज म्हणालो, "आज फार उकडतंय." त्यावरही हात निम्म्यापर्यंत आला, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

पन्हाळ्याच्या तहसील कचेरीत उभी हयात घालवून हा माणूस निवृत्त झाला आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावर राहायला आला. गावाकडचे लोक कचेरीतल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, ते नाव त्यांना जन्माचं चिकटलं. त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी. मी वरच्या मजल्यावरचा शाळामास्तर, म्हणून मी 'सर'.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा तुम्हालाही अनुभव असेलच. वॉरंटी कधी संपते हे आपल्या लक्षात राहत नाही, त्यांच्या मात्र बरोबर राहतं. आमचा टीव्ही वॉरंटी संपल्यावर सहाव्या दिवशी गेला. मिक्सर तर रविवारी, रश्शाचं वाटण निम्म्यावर असताना गेला. अशा वेळी मी त्या वस्तूला चार शिव्या हासडतो, काही कारण नसताना बायकोवर खेकसतो आणि आठवड्याभरात मुकाट्याने नवी वस्तू आणतो. भाऊसाहेब अर्ज करायचे.

झालं असं, की वहिनी अंगणात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण या हाताने पुन्हा कपडे पिळायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. ते कागदावर लिहिलेलं असल्यामुळे भाऊसाहेबांनी लगेच मान्य केलं. "आजपासनं तू धुणं धुवायचं न्हाय. हा माझा शब्द," असं त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. दिलेला शब्द मोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, कारण ते तोंडी शब्द फारसा द्यायचेच नाहीत.

पाडव्याच्या मुहूर्तावर कपडे धुण्याचं मशीन आलं. त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का पुसट उठला होता, तर भाऊसाहेबांनी परत जाऊन तो ठळक करून आणला. वर्तमानपत्रातली त्या मशीनची जाहिरातसुद्धा कापून फाइलला लावली. मी हसलो. ते म्हणाले, "हसा की. कागद कवा कामाला येतोय, कुणाला ठावं?"

वर्षभर मशीन गुणाने वागलं. वॉरंटी संपली आणि चौथ्या दिवशी भरल्या पाण्यात, भरल्या कपड्यांनिशी बंद पडलं. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण उघडून म्हणाला, "आतलं सर्किटचं कार्ड गेलंय काका. आता वॉरंटीत बसत न्हाय. वर्ष झालं."

भाऊसाहेबांनी चष्मा नाकावर ओढला. "कुणाचं वर्ष झालं?"

"म्हंजे?"

"मशीन पाडव्याला घेतलं. पुढचा पाडवा अजून पंधरा दिवसांवर हाय. यंदा अधिक श्रावण झाला, न्हवं? मग वर्ष तेरा महिन्यांचं. तुमच्या जाहिरातीत बघा काय लिवलंय."

जाहिरातीत खरोखरच लिहिलं होतं: 'या पाडव्याला न्या, पुढच्या पाडव्यापर्यंत निर्धास्त राहा!' "हे कंपनीलाच इचारा काका," म्हणून त्या माणसाने झाकण लावलं. लोक दुष्काळात तेरावा महिना म्हणून कपाळावर हात मारतात, इथे तोच तेरावा महिना भाऊसाहेबांच्या बाजूने साक्षीला उभा होता.

मग त्यांनी कंपनीला फोन लावला. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग गाणं ऐका, असं करत पाऊण तासाने एक मुलगी बोलायला आली.

"ताई, वर्ष म्हंजे किती दिवस?"

"तीनशे पासष्ट, सर."

"आणि अधिक महिना आला तर?"

मग पुन्हा गाणं सुरू झालं.

त्या दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. तो मी वाचलाय. 'विषय : वॉरंटीची मुदत मोजताना अधिक मास विचारात घेणेबाबत. संदर्भ : १) आपली जाहिरात. २) चालू वर्षाचे पंचांग.' खाली वळणदार सही, आणि सोबत पंचांगाच्या पानाची झेरॉक्स. कंपनीच्या इथल्या कचेरीतल्या साहेबाने तो अर्ज मोठ्याने वाचला, सगळ्या टेबलांवर हशा पिकला. पण साहेब दिलाचा मोकळा निघाला. त्याने अर्ज वर पाठवला आणि आठव्या दिवशी निरोप आला, की खास सवलत म्हणून दुरुस्ती फुकट करून देऊ.

आमच्या इमारतीत आनंदीआनंद झाला. भाऊसाहेब मात्र अडून बसले. "सवलत नगं. 'वॉरंटीनुसार' असं लिवून द्या."

मला राग आला, कारण एक गोष्ट एव्हाना मला कळली होती. चारच दिवसांपूर्वी टाकीतलं पाणी बघायला मी सकाळी गच्चीवर गेलो, तर दाराला पलीकडून कडी. धक्के दिले तेव्हा दार उघडलं. भाऊसाहेब उभे होते, अंगात बनियन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कोपरापर्यंत फेस. वहिनींच्या साडीचं एक टोक नळाच्या पाइपला बांधून दुसऱ्या टोकाला त्यांनी पीळ घालायला घेतला होता. ज्या माणसाने स्वतःचा रुमालही कधी धुतला नव्हता, तो हा.

"सर, कुणाला बोलायचं न्हाय," ते म्हणाले. "ती सकाळी अंबाबाईला जाती, तेवढ्यात उरकतो. धोब्याकडं दिलंय म्हणून सांगितलंय तिला. मी धुतोय म्हणून कळलं तर स्वतःच बसंल धुवायला."

त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. दोरीवर साड्या मात्र काठाला काठ लावून, साहेबाच्या सहीला जायची फाइल असावी तशा टांगलेल्या होत्या. मी शब्द दिला आणि पाळला.

म्हणूनच सवलतीच्या वेळी मी त्यांच्यावर ओरडलो. "अहो, एका शब्दासाठी किती दिवस हात सोलून घेणार? घ्या ना सवलत!"

"सवलत मागणाऱ्याला देत्यात, सर," ते शांतपणे म्हणाले. "मी मागितलं न्हाय. माझं हुतं."

शेवटी साहेबाने तेही मान्य केलं आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस नवं कार्ड घेऊन आला. पावतीवर त्याने लिहिलं, 'वॉरंटीनुसार'. भाऊसाहेबांनी ती पावती सगळ्या बिऱ्हाडांना दाखवली. तेव्हापासून गल्लीतला जो तो आपला बंद पडलेला मिक्सर, गिझर, इस्त्री घेऊन त्यांच्या दारात यायला लागला. अधिक महिना तीन वर्षांनीच येतो, हे सांगून सांगून ते दमले.

गेल्या वर्षी भाऊसाहेब गेले. जन्मभर अर्जाशिवाय एक दिवस रजा न घेतलेला माणूस, एके पहाटे झोपेतच गेला. मला अजून जिना उतरताना त्यांच्या दाराशी पाय अडखळल्यासारखं होतं, आणि मी ते लपवत नाही.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी मी वहिनींकडे बसायला गेलो. बोलता बोलता मला राहवलं नाही, गच्चीवरची हकीकत मी सांगून टाकली. वाटलं, आता या रडतील. वहिनी हसायला लागल्या.

"मला ठावं हुतं की, सर. धोब्याच्या कापडाला इस्त्री असती. ह्यांनी धुतलेल्या साडीला गादीखाली दाबल्याच्या घड्या. पयल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलायचं? साऱ्या संसारात माझ्यासाठी गुपचूप म्हणून ह्यांनी कवा काय केलं हुतं? लवकर घरी आले तर सापडतील बिचारे, म्हणून देवळात दोन प्रदक्षिणा जास्तीच्या घालायची मी. आणि अंबाबाईला म्हणायची, आई, त्या कंपनीवाल्याला एवढ्यात बुद्धी दिऊ नगंस. पाडव्यापर्यंत तरी थांबव. तुझी ओटी भरीन."

"मग भरली ओटी?" मी विचारलं.

"मग पाडव्याला भरली की ओटी. ताट धरून रांगेत हेच उभे, उन्हात दोन तास. त्यास्नी वाटलं, मशीन सुरू झालं म्हणून नवस फेडायला आलोय. मी म्हटलं, व्हय, त्यासाठीच."

आत मोरीत मशीन कपडे फिरवत होतं. धुऊन झाल्याची शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. वहिनी उठल्या नाहीत.