डिकीतले दोन सबवूफर

युदेल्का सांतियागो शहरात गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवायची. भर दुपारी, कुणाच्या गाडीचा आवाज मोठा याच्या स्पर्धेत, मैदानातच तिच्या गाडीचा बेस, म्हणजे घुमणारा खालचा आवाज, बसला.

"पाच मिनिटं, नाहीतर बाद!" पंच ओरडले.

"अँप्लिफायर जळला असेल गं," शेजारच्या गाडीतून एलादियो हसला.

युदेल्काने डिकी उघडली. फ्यूज शाबूत होता, अँप्लिफायर गार होता. शेवटी तिने बेसच्या दोन मोठ्या स्पीकरपैकी, सबवूफरपैकी, एकाची तार काढली आणि बेस चक्क वाढला! म्हणजे दोन्ही एकमेकांचा आवाज मारत होते.

"विल्किन, सकाळी हा तू जोडलास?"

नवरा चाचरला, "घाईत प्लस-मायनस उलटं झालं वाटतं..."

"भांडू नंतर. पाना दे!"

तारांची अदलाबदल करून तिने आवाज वाढवला. मागची काच थरथरली. पंचांनी आवाज मोजायचा मीटर तिच्या गाडीत ठेवला.