बंब चढेल एवढा चढ

आधी काकांचं सांगून टाकतो. अंबरनाथला शिवमंदिराकडे माझी भाड्याची खोली आहे, तिच्या खालच्या खोलीत ते राहतात. उभा जन्म आगीचा बंब चालवून आता निवृत्त झालेत. मी आज नोकरीवर आहे तो त्यांच्यामुळे. आता माझी अक्कल किती पाण्यात होती ते ऐका.

मी परभणीकडचा. शाळा आठवीत सुटली, म्हणजे मीच सोडली. आमच्या गावात पाणी टँकरनं येतं. पूर मी फक्त धड्यात वाचलेला. असा माणूस बदलापुरात पूर-वादळ झेलणारं अग्निशमन केंद्र आखायला बसला! खरं तर आखत होत्या आमच्या आर्किटेक्ट मॅडम, मी त्यांच्याकडे नकाशे काढतो. वाऱ्यानं न उचकटणारं छप्पर, वीज गेली तरी साखळीनं उघडणारी शटरं, हे त्यांचं डोकं. बंब उभे राहतील ती जमीन किती उचलायची, तेवढं मोजून आणायचं काम माझं. आणि नकाशाच्या कोपऱ्यात ‘आखणी’पुढे पहिल्यांदाच माझं नाव टाकायला त्यांनी सांगितलं. त्या आनंदात मला दोन दिवस ॲसिडिटी होती.

जागा मांजर्लीत, उल्हास नदीच्या अंगाला. तिथं इमारतींच्या भिंतींवर पुराच्या रेघा काढून ठेवल्यात. मी टेप घेऊन फिरलो. पहिल्या सोसायटीत रेघ साडेचार फुटांवर. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुंपणावरूनच म्हणाले, "त्यांच्याकडे कसलं पाणी! इकडे या, आमच्याकडे बघा." त्यांची साडेपाच. तिसऱ्या इमारतीतल्या मावशींनी तर मला चहा दिला आणि म्हणाल्या, "सात लिहा. आमचा फ्रीज तरंगत होता." चहा प्यायल्यावर सहा कसं लिहिणार? सात लिहिलं. त्यात माझ्या भीतीचा एक फूट घातला. झाले आठ.

शनिवारी नकाशा काकांना दाखवायला नेला. शाबासकी हवी होती, दुसरं काय. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"इंजिनीयर, बंब बाहेर कसा काढायचा?"

"या उतारावरून, काका."

"हा उतार? ही घसरगुंडी आहे. चाळीस फुटांत आठ फूट! पोटात पाणी भरलेली गाडी, वरून पाऊस. जाताना घसरेल, आणि परत येताना पाणी चढेल न चढेल, गाडी नहीं चढेगी."

मी वाद घातला. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं नाव एकदा नकाशावर आलं की तो बंब चालवणाऱ्यालाही बंब शिकवतो.

रविवारी सकाळी काका मला आनंदनगरच्या कारखान्यांकडे घेऊन गेले. तिथं त्यांच्या ओळखीच्या माणसाचा पाण्याचा टँकर होता आणि एका बंद गोदामाचा तसाच चढ. "बस शेजारी," म्हणाले. अर्ध्यावर जाऊन त्यांनी गाडी थांबवली. पाठीमागे पाणी धडाधड आदळलं आणि आख्खा टँकर हळूहळू मागं सरकायला लागला.

"आता फोन आला, आग लागलीय. बोल इंजिनीयर, काय करू?"

इंजिनीयरनं फक्त आईला हाक मारली.

तिथून आम्ही मांजर्लीत गेलो. काकांनी रेघेकडे बघितलंसुद्धा नाही. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीमागे टॉर्च मारला. "इमारत रंगवली की रेघ पुसली जाते. मग कोणीतरी आठवून नवी काढतो. दर रंगाला रेघ वर! पण रंगारी पेटीमागे ब्रश घालत नाही." पेटीमागे गाळाचा वाळलेला डाग होता. टेप लावली, चार फूट. पुढच्या दोन्ही इमारतींतही चारच.

सोमवारी दुपारी नकाशा नगरपालिकेत जायचा होता. गप्प बसलो तर बंब उतारावरून घसरणार, बोललो तर मी परभणीच्या गाडीत. तीनदा पाणी पिऊन मॅडमसमोर उभा राहिलो.

"मॅडम, जमीन चार फूट जास्त उचलली गेली. माझं चुकलं."

"चार? कुठून आणलेस?"

"तीन लोकांचे. एक माझा, भीतीचा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझा एक राहू दे, सुरक्षेला लागतोच. लोकांचे तीन परत कर. आणि त्या काकांना घेऊन ये."

नगरपालिकेत फोन करून त्यांनी दोन दिवस मागून घेतले. काका इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले, खुर्चीच्या टोकावर बसले. उतारावर टायर धरतील अशा आडव्या खाचा कुठं हव्यात, ते त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं. मी मुकाट्यानं काढत गेलो. नाव माझंच राहिलं. मला अजून त्याची लाज वाटते.

केंद्र अजून कागदावर आहे. पण काका, ते उभं राहिलं की पहिला बंब त्या चढावरून तुम्हीच खाली आणायचा. परवानगी कोणाकडे मागायची ते मला ठाऊक नाही, पण मी मागणार. आणि शेजारी मी बसेन, या वेळी आईला हाक न मारता. निदान प्रयत्न करेन.