पिवळ्या पट्ट्यांची मालकीण

सगळे तिला रंगवाली म्हणत. जंगलातून निघून उघड्या माळावर चढणारी आणि पुढे नदीच्या खोऱ्यात उतरणारी पाच दिवसांची पायवाट तिच्या हवाली होती. चालणाऱ्यांची वाट चुकू नये म्हणून दगडांवर, झाडांवर, खांबांवर पिवळे पट्टे असतात ना, ते दरवर्षी ताजे करायचे हे तिचं काम. बावीस वर्षं केलं. पाठीवर रंगाचा डबा, हातात लांब काठी, पिशवीत वही. कुठलं पाणी प्यायला चांगलं, कुठल्या उतारावर पाय मोडेल, सगळं त्याच दिवशी वहीत उतरवायचं हा तिचा शिरस्ता. अशा एकोणीस वह्या भरल्या.

नवरा गेला आणि दुसऱ्याच महिन्यात धाकटा दीर दारात उभा राहिला. हा गृहस्थ कचेरीत टेबलामागे बसणारा. जिना चढायचा म्हटलं तरी याच्या जिवावर येई. "वहिनी, तुमच्या वह्या जरा वाचायला नेतो. दादाची आठवण," म्हणाला. दादाने त्या वह्यांना जन्मात हात लावला नव्हता. पण दुःखात उलटतपासणी कोण घेतं? वह्या वर्षाने परत आल्या, आणि त्याआधीच दुकानात पुस्तक आलं. पायवाटेचं पुस्तक. वर दिराचं नाव, आत तिची वाक्यं, स्वल्पविरामासकट. ती भांडायला गेली, तर हा हसला. "घरातलंच आहे वहिनी, नाव कुणाचं का असेना!" चोर तो चोर, वर शिरजोर.

तिने पोटभर रडून घेतलं आणि गप्प बसली. विसरली मात्र नाही. पुस्तक विकत आणून ओळ न ओळ तपासली, आणि एकसष्टाव्या पानावर तिला कित्येक दिवसांनी हसू आलं. तिथे छापलं होतं, 'माळ सरळ ओलांडावा.' ते तिने एका कोरड्या वर्षी लिहिलं होतं, दलदल सुकून टणक झाली होती तेव्हा. एरवी तिथे मांडीइतका चिखल असतो, म्हणून तर तिचे पट्टे त्या जागेला मोठा वळसा घालतात आणि लोक पट्टे बघूनच चालतात. पण हे कळायला दिराला एकदा तरी तिथे जावं लागलं असतं.

चार वर्षं तिने कळ काढली. मग नव्या आवृत्तीच्या निमित्ताने प्रकाशनाच्या संपादक बाईंनी सहल काढली. लेखकासोबत पाच दिवस, दहा वाचक, स्वतः बाई, आणि वाट दाखवायला रंगवाली. दिराने कोरे करकरीत बूट घेतले. पहिल्याच दिवशी जंगलात त्याने सगळ्यांना सांगितलं, "या आमच्या वहिनी. रंग छान लावतात." पुस्तकावर आपलं नाव यायलाच हवं, आणि याचं नाक चारचौघांत कापलं जायला हवं, एवढंच रंगवालीच्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी माळ आला. वळशाचा खांब पिवळाधमक उभा होता. त्या खांबाला तिने काही केलं नव्हतं. असला हलकटपणा तिला जमला नसता.

"पट्टा तर उजवीकडे वळतोय," एक वाचक म्हणाला.

"ते नवशिक्यांसाठी हो. पुस्तक काय म्हणतं? सरळ!" असं म्हणून दीर निघालासुद्धा. रंगवालीने काठी आडवी धरून बाकीच्यांना थांबवलं. त्याला तेवढा जाऊ दिला.

विसाव्या पावलाला तो मांडीपर्यंत रुतला.

"वहिनी! काठी द्या काठी!"

ती चिखलाच्या कडेला, त्याच्याजवळच्या दगडावर जाऊन निवांत बसली. चिखलाखाली टणक जमीन आहे, हा बुडायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

"भावजी, हा माळ तुम्ही कोणत्या वर्षी ओलांडलात?"

"आता कसली चेष्टा करताय!"

"चेष्टा कुठली? लेखकांना विचारतेय."

त्याने एक पाय जोर लावून उपसला. पाय वर आला, बूट आत राहिला. तो रडकुंडीला आला.

"नाही ओलांडला! मी इथे कधी आलोच नाही!"

"मग पुस्तक कुणाचं?"

"तुमच्या वह्या आहेत! सगळं तुमचं आहे! ओढा ना आता, वहिनी!"

तिने सावकाश काठी पुढे केली. त्याला ओढताना तिला विलक्षण आनंद होत होता, आणि दहा वाचकांपासून तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत दीर शेगडीपाशी पाय शेकत बसला होता. संपादक बाईंनी रंगवालीसमोर कागद काढला. "नव्या आवृत्तीवर फक्त तुमचं नाव जाईल. पूर्ण नाव सांगा."

"आडनाव आमचं एकच आहे," दीर मधेच म्हणाला. निदान घराण्याचं नाव तरी राहील, एवढा हिशेब त्याने तेवढ्यात करून टाकला होता.

रंगवालीने माहेरचं आडनाव सांगितलं.

दीर ताडकन उठला. "वहिनी, माझं सोडा. पण हे दादाचं आडनाव आहे. त्याचं तरी राहू द्या."

नवऱ्यावर तिचा फार जीव होता, आणि हा माणूस दुसऱ्यांदा त्यालाच पुढे करत होता.

"माहेरचंच लिहा," ती बाईंना म्हणाली. मग दिराकडे वळली. "त्यांची समजूत मी घालीन, भावजी. तुम्ही त्यांचं नाव घेऊन माझ्याकडे पुन्हा काही मागायला येऊ नका."