तो फोन माझा नव्हता

हे मी मायले नाही सांगितलं, दोस्तायले नाही सांगितलं, अन् जिले सांगायले पाहिजे होतं तिले तं नाहीच. तुम्ही मले ओळखत नाही, म्हणून तुम्हाले सांगून राहिलो. भित्र्या माणसाले असाच श्रोता परवडते.

तसा मी गप्प बसणारा नाही. पांढुर्ण्यात मले 'टेप' म्हणतात. एकदा ऐकलं का वाजवून दाखवतो — संत्रा मंडीतला बोली लावणारा, शाळेतले हेडसर, लग्नात रुसलेला फुफा. पण माझा खरा आयटम म्हणजे अमेरिका. तिकडचा कुस्तीचा कॉमेंटेटर, पिक्चरमधला पोलीसवाला, अन् सगळ्यात जास्त हशा कशाले, तं माफी मागणाऱ्या पुढाऱ्याले. तो कॅमेऱ्यासमोर येते, ओठ आवळते, मान खाली घालते अन् म्हणते — "चुका झाल्या." कोणी केल्या? ते नाही सांगत. पावसाळ्यात गांडुळं निघतात तशा आपल्याआपण झाल्या! बस स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर लोकं पोट धरून हसत.

माझी अमेरिका एवढीच. नुसता आवाज.

प्रज्ञाची वेगळी होती. प्रज्ञा मोहगावची, कॉलेजात माझ्या वर्गात. बाप पाण्याच्या टाकीवर नोकरीले, माय हंगामात कापूस वेचायले जाये. तिले अमेरिकेच्या इतिहासाचं वेड. ती सांगे — तिकडं गुलामगिरीवरून आपसात लढाई पेटली, तिथला कापूस अडकला, अन् इकडं आपल्या कापसाचा भाव आभाळाले भिडला. "पण टेप, वेचणाऱ्या बाईले काय मिळालं? तिथंही अन् इथंही?" मी म्हणे, बोटाले काटे. मी मजाकमध्ये बोललो होतो. तिनं ते आपल्या निबंधात घातलं.

तो निबंध तिनं अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजले पाठवला. एक वर्ष शिकायचं, राहणं-खाणं त्यायचंच. त्यायले आवडला. मेल आला का या आठवड्यात आमचं कोणीतरी फोनवर बोलन, मंग ठरवू.

आता टेपसारख्या माणसाले हे सांगावं का? माझ्या मोबाइलात एक ॲप होतं, त्याच्यातनं फोन लावला का समोरच्याले भलताच बाहेरदेशचा नंबर दिसे. मी लावला. जाड आवाजात विचारलं — मिस प्रज्ञा, अमेरिकेले येताना आंब्याचं लोणचं आणशील का? ती दोन वाक्यं खरंच घाबरली, मंग ओरडली, "मेल्या टेप!" दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा हसली. इथपर्यंत ठीक होतं. म्हणजे — ठीक होतं का? असो.

मंग एका सकाळी बस स्टँडवर ती उतरली ते हसतच.

"काय बे टेप, काल तं हद्दच केली! बाईचा आवाज कधीपासून काढायले लागला?"

काल मी फोन केलाच नव्हता. काल दिवसभर मी मामाकडे होतो, रामाकोन्याले, संत्र्याच्या बागेत.

"म्हातारी बाई, खोकणारी! मी म्हटलं, पुरे कर टेप, जेवून राहिली मी, अन् कापला. पुन्हा लावला तं पुन्हा कापला. खरं सांगते, तू आहेस हे माहीत नसतं तं ओळखलंच नसतं."

मले तिथंच समजलं का तो फोन खरंच कॉलेजचा होता — मंग समजलं म्हणायची सोय नाही. नंबर तिच्या मोबाइलात होता. 'माझा फोन नव्हता', एवढंच म्हणायचं होतं. ती तिथूनच उलटा लावू शकत होती.

पण चारपाच पोरं आजूबाजूले उभी होती. अन् बाईचा आवाज — तेवढा एकच मले कधी जमला नव्हता. सगळ्यायले माहीत होतं, चिडवत पण. अन् ही म्हणून राहिली का जमला, अगदी खरा वाटला. मी छाती फुगवली.

"मंग! महिनाभर प्रॅक्टिस करून राहिलो होतो."

तोंडातून गेलं म्हणा. पण त्याच्या नंतरचे दिवस काय तोंडातून गेले? ती रोज म्हणे, "अजून फोन नाही आला रे." अन् मी म्हणे, "येईन ना, त्यायच्या सुट्ट्या असतीन." त्या पुढाऱ्याच्या आवाजात म्हणे. ती हसे. आज सांगतो, उद्या सांगतो — पण आज सांगितलं तं काल काहून नाही सांगितलं, हे पण सांगावं लागणार. रोज एक कालचा दिवस वाढत गेला.

अन् पोरं म्हणत, ती बाई काढून दाखव. मंग मी काय केलं? बागेत जाऊन, जिले कधी ऐकलंच नाही त्या म्हातारीचा आवाज बसवला. खोकल्यासकट. टपरीवर काढून दाखवला, टाळ्या पडल्या. प्रज्ञा मान वाकडी करून ऐकत होती. म्हणाली, "फोनवरची जास्त भारी होती."

मंग मेल आला. बोलणं होऊ शकलं नाही, जागा दुसऱ्या कोणाले दिली, शुभेच्छा. प्रज्ञानं मोहगावच्या मोबाइल टॉवरले शिव्या दिल्या. मी पण दिल्या. तिच्यापेक्षा जोरात दिल्या.

तिची निवड झाली असती का? माहीत नाही. माहीत व्हायची वाटच मी बुजवली.

आता ती सौसरले एका शाळेत इतिहास शिकवते. पोरं सांगतात, मॅडम फळ्यावर अमेरिकेचा नकाशा न पाहता काढते. माझे गणपतीत, गॅदरिंगमध्ये प्रोग्राम असतात. माफी मागणारा पुढारी मी सोडून दिला. लोकं फर्माइश करतात, मी म्हणतो, आयटम जुना झाला. जुना नाही झाला. त्याचं वाक्य मले आता नको तितकं चांगलं जमते.

मागच्या महिन्यात एका दोस्ताच्या लग्नात प्रज्ञा भेटली. जेवणं झाली होती, सगळे खुर्च्या गोल करून बसले होते. तिनं लांबूनच आवाज दिला, "ए टेप, ती माझीवाली म्हातारी काढ ना!"

सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. ती पण.

मी खोकलो. मंग त्या बाईच्या आवाजात तिचं नाव घेतलं, अन् विचारलं — बोलू शकतेस का आता?

सगळ्यात जास्त प्रज्ञाच हसली.