दिवसाआडची उडी

त्या गल्लीचा डीपी एक दिवस गुण्यागोविंदानं चालायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्यूज उडवायचा. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. ठराविक घरांना पुरेल एवढाच तो बसवलेला असतो. सगळ्यांनी एकाच वेळी जास्त वीज ओढली की फ्यूज जातो आणि गल्ली अंधारात बसते. कळंब्याच्या रस्त्याला, चढावरची ही गल्ली. भारनियमनाची वर्षं होती. आधीच रोज काही तास वीज बंद, आणि ती आली की दिवसाआड हा तमाशा. फोनवर शिव्या खायला मी होतेच.

मी तेव्हा असिस्टंट इंजिनिअर होते. साहेब म्हणाले, "मॅडम, लोक टीव्ही आणि कूलर लावून बसतात. मोठा डीपी मंजूर आहे, पावसाळ्याआधी बसेल. तोवर लोकांना वीज कमी वापरायला शिकवा."

शिकवा म्हणणं सोपं असतं. मी पत्रकं वाटली. शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली. साधा बल्ब आणि सीएफएल शेजारी शेजारी लावून दाखवले. पुरुष मंडळी आली, माना डोलावल्या, चहा पिऊन गेली. दोन दिवसांनी फ्यूज पुन्हा उडाला.

मग मी डीपीला लॉगर लावला. गल्ली कोणत्या वेळी किती वीज ओढते ते ही छोटी पेटी नोंदवत राहते. त्याचा आलेख कागदावर काढला आणि बघतच राहिले. एका संध्याकाळी रेघ सपाट, दुसऱ्या संध्याकाळी एकदम उभी उडी, तासाभरानं पुन्हा खाली. पुन्हा एक दिवस सपाट, पुन्हा उडी. टीव्ही काय लोक दिवसाआड बघतात?

उडीच्या दिवशी मी स्वतः गल्लीत जाऊन थांबले. नळाला दिवसाआडचं पाणी आलं आणि पहिल्या घरातून घर्रर्र आवाज सुरू झाला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नळाच्या लाइनलाच मोटर जोडून पाणी ओढायचं, असा तिथला रिवाज होता. शेजाऱ्यानं मोटर लावली की आपल्या नळाची धार तुटते, म्हणून आपणही लावायची. गल्लीत सगळ्यांकडे मोटर होती आणि सगळ्यांचीच धार बारीक होती.

मोटर नव्हती ती फक्त शेवटच्या घरात, चढाच्या टोकाला. तिथं शांताक्का राहायच्या. त्यांचे मालक अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. रोजचं धुणं, पुसणं, अंग पुसून देणं. आणि नळ कोरडा. पन्नाशी उलटलेली बाई खालच्या हातपंपावरून कळशा वाहत होती.

"तुम्ही नाही लावली मोटर?" मी विचारलं.

"लावून काय करू? खालच्या पोरींचं वडून घिऊ व्हय? त्या माझं वडत्यात म्हणून मी त्यांचं वडायचं, असलं न्हाय जमत मला."

"सगळ्यांनीच बंद ठेवल्या तर?"

त्या हसल्या. "मीटिंगला गडी बोलवलं न्हवं तुम्ही? बटन कोण दाबतंय? बायका दाबत्यात. गड्यांना मोटर कुठं हाय ते तरी ठावं हाय का?"

मी स्वतः बाई असून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चैत्र चालू होता. पहिल्या घरच्या पाटीलवहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, तिथं शांताक्का मला घेऊन गेल्या. पन्हं आणि कैरीची डाळ झाल्यावर मी पर्समधून आलेख काढला. आधी हशा पिकला. मग एकेकीनं त्या उडीवर बोट ठेवून बघितलं. "ही सगळी आमची मोटर?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "तुमची एकटीची नाही, सगळ्यांची मिळून. एक संध्याकाळ कुणीच लावू नका. पाणी नाही आलं तर मला गल्लीत पाय ठेवू देऊ नका."

पाटीलवहिनी म्हणाल्या, "मी न्हाय लावणार, पण बाकीच्यांचं काय? एकीनं जरी लावली तर आम्ही येड्या ठरतोय की."

तेव्हा शांताक्कांनी अंबाबाईच्या कुंकवाचा करंडा मधे ठेवला आणि पहिला हात स्वतःचा ठेवला. जिच्याकडे मोटरच नाही तिनं मोटर न लावण्याची शपथ घेतली. बाकीच्या मग मागे राहतात कशाला.

ती संध्याकाळ माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली. गल्लीत एकही घर्रर्र नाही. आधी नुसतीच हवा आली, नळ खोकले. मग खालून आरोळी आली, "आलं!" मग वरच्या घरातून, मग त्याच्या वरच्या. शांताक्कांच्या नळाला करंगळीएवढी धार लागली. त्यांनी कळशी ठेवलीच नाही, नुसता हात धरून उभ्या राहिल्या. मीच म्हटलं, "अहो, भरा की!"

मोठा डीपी येतोय असं मी सांगितलं, आणि तोवर मोटरी बंदच ठेवायच्या असं बायकांनी ठरवलं. मी चौकात एक फळा लावला. लॉगरचा संध्याकाळचा आकडा त्यावर लिहायचा. बायका भाजी आणायला जाताना वाचायच्या, आणि मला हाक मारायच्या, "मॅडम, आज किती उतरला?" फ्यूज उडायचा थांबला. वीजबिलंही थोडी उतरली. शांताक्कांच्या दोरीवर रोज स्वच्छ चादरी वाळत होत्या. मी हवेत होते.

साहेबांनी पाठ थोपटली. "मॅडम, लोड उतरलाय की हो. आता तो मोठा डीपी तिकडं नकोच. दुसरीकडं फार बोंब आहे, तिथं देऊन टाकतो."

"साहेब, त्यांनी डीपी येईपर्यंत म्हणून केलंय हे."

"मग चाललंय की नीट. चाललेल्या ठिकाणी माल कशाला अडकवायचा?"

मी भांडले. फाइल पुढे गेली ती गेलीच.

त्याच सुमारास गल्लीत पाणी निम्म्या वेळातच जायला लागलं. मी पाणीवाल्यांच्या ऑफिसात गेले. तिथले अधिकारी अगदी सभ्यपणे बोलले. "मॅडम, पूर्वी त्या गल्लीच्या तक्रारींचा ढीग यायचा. आता एकही नाही. तक्रार नाही तिथला व्हॉल्व्ह जरा लवकर बंद करतो, पलीकडं नवीन कॉलनी झालीय."

"तक्रार नाही, कारण लोकांनी मोटरी बंद ठेवल्यात. तुम्ही पाणी कमी केलं तर पुन्हा लावतील."

"लावू देत की. वीज तुमच्या खात्याची."

त्या खुर्चीत बसून मला रडू येईल असं वाटलं. दोन खात्यांनी मिळून गल्लीला शिक्षा केली होती, आणि दोघांपैकी कुणीही एकही नियम मोडला नव्हता.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी गल्लीत गेले. पाटीलवहिनींच्या घरातून घर्रर्र येत होतं. त्या दारातच उभ्या होत्या, लपल्या नाहीत.

"किती दिस थांबायचं मॅडम? घरात सात माणसं हाईत. देवीला नारळ वाहून आलोय, ती समजून घील."

बाकीच्या घरांनी त्या मोटरच्या आवाजाची वाटच बघितली होती. त्या आठवड्यात सगळ्या मोटरी परत आल्या, आणि ऐन उन्हाळ्यात तो जुना डीपी जळाला. नुसता फ्यूज नाही, आतलं वाइंडिंगच, म्हणजे तारेची गुंडाळीच जळाली. मी पोचले तेव्हा लोक रस्त्यावर होते.

"मोठा डीपी येणार हुता न्हवं? कुठं हाय त्यो?" एकानं ओरडून विचारलं. खरं सांगणं शक्य नव्हतं, खोटं सांगायची लाज वाटत होती. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं, आणि फुटायला दुसरं डोकं तिथं नव्हतंच.

जळालेल्याच्या जागी तेवढाच, दुरुस्त केलेला डीपी बसला. काम बघून मी शांताक्कांकडे गेले. पायरीशी पोत्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. वायर बाहेर दिसत होती.

त्या पोतं ओढून ती वायर झाकायला लागल्या.

"ह्यांच्या पाठीला जखम झालीया," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हणत्यात, रोज धुवायला लागतंय. आता कळशी उचलत न्हाय मला."

"मी रागावले नाही, अक्का."

"मी रागावलीया की माझ्यावर. करंड्यावर पयला हात माझा हुता."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. जाताना त्यांनी चौकातला फळा काढून न्यायला सांगितलं. पोरं त्याच्यावर काहीबाही लिहीत होती.

लॉगरचा नवा कागद काढला. उडी जागेवर होती, आधीपेक्षा किंचित उंच. एका अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरनं एवढ्या आलेखात फरक दिसत नाही, हे मी कोणत्याही शिकाऊ इंजिनिअरला सांगेन. मला तो दिसला.

रिपोर्टच्या शेवटी शिफारस लिहायची असते. मी लिहिलं, ज्या गल्लीनं वीज वाचवली तिचा मंजूर डीपी दुसरीकडे देऊ नये. साहेबांनी ते खोडून 'लोकांमध्ये जनजागृती वाढवावी' असं केलं आणि म्हणाले, "आता दुसरी एखादी गल्ली बघा."

लोकांच्या सवयी बदलत नाहीत असं कुणी म्हणालं की मी वाद घालते. बदलतात, एका हळदीकुंकवात बदलतात, मी स्वतः पाहिलंय. पण मी दुसरी गल्ली बघितली नाही. निवृत्त होईपर्यंत कुठल्याही बाईला बटण बंद ठेवा असं सांगायची मला हिंमत झाली नाही.