पतंगासाठी आडवी घातलेली पॅनेलं

बडोद्यात, तरसालीतल्या आमच्या गच्चीवर मुलाने सोलर पॅनेलं बसवून घेतली, ती जवळजवळ आडवी, स्लॅबपासून जेमतेम वीतभर उंच. कारण एकच, उतराण, म्हणजे संक्रांतीचे पतंग. उभी केली तर पतंगाचा दोरा अडकतो आणि मागे पळायला जागा उरत नाही. माझ्या पाटल्या मोडून ती आणली होती.

ती धुण्याचं काम माझ्याकडे आलं. आडव्या काचेवरून पाणी उतरत नाही. खालच्या कडेला साचतं, वाळलं की मातीची पट्टी राहते. पावसातही तेच. एकदा वैशाखात दुपारी कपडे काढायला गेले आणि मधल्या पॅनेलाखाली हात घातला. भाजला. खाली वारा शिरायला वावच नव्हता. पुढच्या वर्षी त्याच पॅनेलात, काचेच्या आतून, तपकिरी डाग उठले. मग शेजारच्यातही.

मुलाला वर नेऊन दाखवलं.

"आई, बडोद्याची गरमी आहे. जुनी होणारच."

"मग हे का नाही झालं?"

कडेचं एक पॅनेल मधे पाइप आल्यामुळे उचलून, तिरकं बसवावं लागलं होतं. सगळ्यांबरोबरच आणलेलं, ऊन तेच, पाऊस तोच. त्यावर एक डाग नव्हता.

त्याने वाकून त्याची काच पाहिली. "बरं. उतराण झाली की स्टँड करू."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालास. ती इथे शिजतायत."

"अगं, मित्र येणार आहेत! मग पतंग उडवायचा कुठून, तुझ्या डोक्यावरून?"

"माझं डोकं तुझ्या पॅनेलांपेक्षा जास्त टिकलंय. उडव."

सून जिन्यात उभी होती. नवऱ्याला म्हणाली, "घ्या. कापला तुमचा पतंग."

डागांची दोन गेल्यातच जमा होती. बाकीची मला घालवायची नव्हती. पाटल्या काही पुन्हा होणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मकरपुऱ्याकडे आमचं फाटक बनवणाऱ्याकडे गेले. तोंड दक्षिणेला, पाणी घसरेल एवढा उतार, खालून माणूस वाकून जाईल एवढी उंची, असे स्टँड करायला सांगितलं. पॅनेलं बसवणाऱ्यांनाही मीच फोन केला. उतराणीच्या आधी काम झालं.

उतराणीला मुलगा जुन्या शहरात, घडियाळी पोळेत मित्राच्या गच्चीवर गेला. रागाने गेला. जाऊ दे. मी दिवसभर बांबू घेऊन पॅनेलांवरचे दोरे काढत होते. दोरा पडून राहिला की त्यात पानं, कचरा अडकतो आणि तिथे सावली बसते. आमचे पतंग कुठे, म्हणून समोरच्या गच्चीवरून शेजारीण ओरडली, "माजी, पतंग क्यां छे?"

"बधा अहीं ज छे!" सगळे इथेच आहेत, मी म्हटलं. अडकलेल्यांत तिच्या घरचेच तीन होते.

अंधार पडल्यावर मुलगा आला. चपला काढता काढता विचारलं, "अडकले ना दोरे?"

"अडकले. काढले."

तो जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी वाशी उतराण, म्हणजे पुन्हा पतंग. बांबू मी खाली आणलाच नाही.